संगणकाची स्मृती अपुरी पडते तेव्हा

(आरमोरी येथे समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणिसांनी मला ह्या व्याख्यानाचे आमंत्रण दिले तेव्हा एकच अट घातली होती, ती अशी की, विषय कोणताही घ्यावा, परंतु तो घरी नेण्यासारखा असावा. माझा व्यवसाय संगणकांची निगा राखण्याचा. त्या व्यवसायातला एकच प्रश्न मी आज आपणांपुढे मांडणार आहे. संगणकाजवळची जागा संपली, आणि मागणारे मात्र थांबत नाहीत, अशा वेळी तो काय करतो? जागा थोडी आणि मागणारे फार, ही स्थिती आपल्यापैकी कोणाच्याही घराला अपरिचित नाही. म्हणूनच हा विषय आपणांस परका वाटणार नाही अशी मला आशा आहे.

प्रथम स्मृती म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. संगणक जे काम ह्या घटकेला करीत असतो, त्या कामाचे सामान ज्या जागेत मांडलेले असते ती जागा म्हणजे त्याची स्मृती. तिला आपण रॅम म्हणतो. विणकराच्या घरातील मागाच्या खोलीसारखी ती आहे. वीज गेली की ती रिकामी होते. कायमचे जपून ठेवावयाचे ते वेगळ्या कोठारात, म्हणजे डिस्कवर ठेवलेले असते.

आपण विणकर समाजाचे लोक आहोत, म्हणून एक गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. संगणकाची स्मृती एके काळी खरोखरच विणली जात असे. फेराइटच्या बारीक बारीक कड्या घेऊन त्यांच्यातून उभ्या-आडव्या तारा ओवीत, ताणा-बाणा घालावा त्याप्रमाणे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखाली आपल्या देशातील लोकांनी जो संगणक बांधला, तो १९६० साली कामाला लागला, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्याची स्मृती अशाच कड्यांची होती. तीत २०४८ शब्द मावत, प्रत्येक शब्द ४० अंकांचा. आजच्या मापाने ती दहा किलोबाइट भरते. चार गिगाबाइटचा साधा फोन आज आपणांपैकी अनेकांच्या खिशात आहे. त्याची स्मृती टिफ्रॅकच्या चार लाख पटींहून अधिक आहे. आणि तरीही ती अपुरी पडते! जागा वाढली की मागणीही वाढते, हा अनुभव घरातला तसाच यंत्रातलाही आहे.

आता ह्या जागेचा कारभार कोण पाहतो? संगणकात एकाच वेळी शेकडो प्रोग्रॅम चालू असतात. प्रत्येकाला जागा हवी असते, आणि दुसऱ्याच्या जागेत कोणी पाय ठेवता कामा नये. हे सर्व पाहणाऱ्या मूळ व्यवस्थेला कर्नेल म्हणतात. कर्नेल म्हणजे दाण्याच्या आतला गर. बाहेरच्या ज्या भागाशी मनुष्य बोलतो त्याला शेल, म्हणजे टरफल, असे नाव आहे. आपण धानाच्या मुलखातले. आपणांस एवढेच सांगितले तरी पुरे की, तूस ते शेल आणि तांदूळ तो कर्नेल. लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे जे कर्नेल लिहावयास घेतले, ते लिनक्स ह्या नावाने आज सर्वत्र पसरले आहे. जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतील सर्वच्या सर्व संगणक २०१७ च्या नोव्हेंबरपासून लिनक्सवर चालत आले आहेत. आणि ज्याला आपण अँड्रॉइडचा फोन म्हणतो त्याच्याही पोटात हेच कर्नेल आहे. तेव्हा मी जे सांगणार आहे ते दूरदेशीचे नव्हे. ते ह्या मंडपातच शेकडो ठिकाणी ह्या क्षणी घडत आहे.

कर्नेल जागा मोजते ती पानांनी. एक पान बहुधा ४०९६ बाइटचे असते. चार गिगाबाइटच्या फोनात अशी सुमारे साडेदहा लक्ष पाने होतात. एखाद्या प्रोग्रॅमने जागा मागितली की कर्नेल सहसा लगेच 'दिली' असे म्हणते. परंतु प्रत्यक्षात तेव्हा काहीच देत नाही. प्रोग्रॅम त्या जागेला पहिल्यांदा हात लावील तेव्हाच एकेक पान त्याच्या पदरात पडते. ह्याचे कारण असे की, प्रोग्रॅम मागतात फार आणि वापरतात थोडे. आपल्याकडे लग्नपत्रिकेवर 'सहकुटुंब, सहपरिवार' असे छापतात. ज्या पाचशे घरांत पत्रिका गेली त्या घरांतील झाडून सारी माणसे येतील असे धरून कोणी भात शिजवीत नाही. अनुभवाने अंदाज बांधतो, आणि तो बहुधा बरोबर ठरतो. कर्नेलचेही तसेच आहे. जवळ असलेल्याहून अधिक जागेचे वचन ते देऊन ठेवते. ज्या व्यवस्थापकाला हे मान्य नसेल त्याला हिशेबाने मोजकेच वचन देण्याची सक्ती कर्नेलवर करता येते. पण मग पुष्कळशी जागा कोणाच्याही उपयोगी न पडता राखीव म्हणून पडून राहते. वचनात सढळपणा ठेवला तर एखादे दिवशी फजितीचा धोका, आणि काटेकोरपणा ठेवला तर रोजची उधळपट्टी, असा हा पेच आहे.

ज्या दिवशी सगळेच पाहुणे खरोखर येतात त्या दिवशी काय होते, ते आता पाहू. कर्नेल एकदम कोणाच्या पानावरून ताट ओढून घेत नाही. त्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. आपल्या भागातील मालगुजारी तलाव सर्वांनी पाहिले आहेत. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव राहिले, आणि अजूनही धानाला त्यांचे पाणी मिळते. तलावाचे पाणी कोठवर उतरले म्हणजे सावध व्हावयाचे, हे गावाला ठाऊक असते. गमतीची गोष्ट अशी की, कर्नेल लिहिणाऱ्यांनीही आपल्या खुणांना पाण्याच्या खुणा असेच नाव दिले आहे. त्या तीन आहेत: वरची, खालची आणि अगदी तळची. मोकळी पाने खालच्या खुणेपर्यंत उतरली की कर्नेलचा एक चाकर जागा होतो आणि झाडलोट सुरू करतो. डिस्कवरून वाचून आणलेल्या गोष्टींच्या ज्या प्रती स्मृतीत सोयीसाठी ठेवलेल्या असतात त्या तो टाकून देतो, कारण मूळ प्रत कोठारात शाबूत आहे. वरच्या खुणेपर्यंत जागा मोकळी झाली की तो पुन्हा झोपी जातो. मागणाऱ्यांना ह्याचा पत्ताही लागत नाही.

परंतु मागणी त्याच्या हाताहून जलद असली तर पाणी तळच्या खुणेवर येते. मग कर्नेल जागा मागावयास आलेल्या प्रोग्रॅमलाच म्हणते, "आधी तूच झाडू घे." आपला फोन कधी कधी अडखळतो, बोट लावले तरी हलत नाही, त्याचे एक कारण हे असते. तळच्या खुणेखालचे पाणी मात्र सामान्य मागणाऱ्याला मिळत नाही. घरात ओढाताण असली तरी शेतकरी बियाण्याचे धान खात नाही, तसे हे आहे. जागा मोकळी करण्याच्या कामालाही थोडी जागा लागतेच; तेवढीही खाऊन टाकली तर सुटकेचा मार्गच बंद होईल.

दुसरा उपाय माळ्याचा. मागाच्या खोलीत पाय ठेवावयास जागा नसली म्हणजे न लागणारे सामान आपण माळ्यावर चढवितो. कर्नेलही बराच वेळ न लागलेली पाने डिस्कवरच्या राखीव जागेत नेऊन ठेवते, आणि लागली की परत आणते. फोनात बहुधा निराळी युक्ती असते. तेथे कपड्यांची घडी दाबून बसवावी त्याप्रमाणे पाने आवळून रॅममध्येच थोड्या जागेत ठेवतात. दोन्ही उपाय चांगले, पण त्यांना मर्यादा आहे. घटकेघटकेला शिडी चढून तेच सामान खाली आणावयाचे आणि दुसरे वर न्यावयाचे, असे होऊ लागले की दिवसभर शिडीच चढणे होते, धोटा एकदाही फिरत नाही. संगणकाचीही अशी दशा होते. तो बंद पडलेला नसतो, भयंकर श्रम करीत असतो, आणि काम मात्र काहीच होत नाही.

हे सर्व उपाय थकले म्हणजे शेवटचा उरतो. कोणातरी एका प्रोग्रॅमचा बळी देऊन बाकीच्यांना वाचवावयाचे. कर्नेल प्रत्येक प्रोग्रॅमने प्रत्यक्षात किती पाने व्यापली आहेत, रॅममध्ये किती, माळ्यावर किती, आणि त्यांच्या हिशेबाच्या वह्यांना किती, ह्यांची बेरीज करते. ज्याची बेरीज सर्वांत मोठी, तो निवडला जातो. त्याला क्षणात थांबविण्यात येते. निरवानिरव करण्यास अवधी नाही, हातातले लिखाण जतन करण्याची मुभा नाही. २०१० पूर्वी ह्या निवडीचा हिशेब अधिक गुंतागुंतीचा होता. कोण किती वेळ चालला आहे, कोणाचा अग्रक्रम काय, अशा अनेक गोष्टी त्यात धरीत. पुढे असे ठरले की, नियम साधा असावा, म्हणजे निकाल काय लागेल हे आधी सांगता यावे.

ह्या साध्या नियमाला एक पुस्ती जोडलेली आहे, आणि तीच मला फार महत्त्वाची वाटते. व्यवस्थापकाला प्रत्येक प्रोग्रॅमच्या नावापुढे उणे १००० पासून अधिक १००० पर्यंत एक आकडा आधीच लिहून ठेवता येतो. अधिक आकडा म्हणजे 'ह्याला आधी काढा'; उणे म्हणजे 'ह्याला सांभाळा'; आणि उणे १००० म्हणजे संपूर्ण अभय. फोनातही हीच युक्ती आहे. जे ॲप आपल्या डोळ्यांसमोर आहे त्याला सांभाळतात, आणि जे वापरून मागे ठेवले त्याच्या नावावर मोठा आकडा चढतो.

येथे विद्यार्थ्यांसाठी एक व्यवहारातली गोष्ट सांगून ठेवतो. शिष्यवृत्तीचा अर्ज फोनवर भरता भरता दाखल्याचे छायाचित्र काढण्यासाठी कॅमेरा उघडावा, आणि परत यावे तो भरलेला अर्ज कोरा झालेला दिसावा, असा अनुभव पुष्कळांना आलेला आहे. त्यात आपला दोष नसतो. कॅमेऱ्याला पुष्कळ जागा लागते, जागा नव्हती, अर्ज मागे पडला होता, म्हणून त्याचा बळी गेला. ह्यासाठी छायाचित्रे आधीच काढून ठेवावीत, मोठे खेळ बंद करावेत, आणि अर्जाचे प्रत्येक पान भरून झाले की ते जतन करावे. शेवटच्या तारखेच्या रात्री ही गोष्ट कळून उपयोग नाही.

मोठ्यालाच काढावयाचे हा नियम नेहमी न्यायाचा ठरतो काय? माझाच अनुभव सांगतो. एका कचेरीचा संगणक माझ्या देखरेखीखाली होता. त्यावर सर्व नोंदी सांभाळणारा मोठा प्रोग्रॅम चाले. शेजारी एक लहानसा प्रोग्रॅम होता. घेतलेली जागा परत करावयास तो विसरत असे. दिवसाला थोडी, पण रोज. एके रात्री जागा संपली. कर्नेलने मोजमाप केले आणि सर्वांत मोठा म्हणून नोंदींचा प्रोग्रॅम थांबविला. खरा अपराधी लहान होता, म्हणून तो वाचला. सकाळी लोक दारात उभे, आणि नोंदी बंद. चूक कर्नेलची नव्हती. ती माझी होती. कोणाला सांभाळावयाचे हे मी आधी लिहून ठेवले नव्हते.

ह्यावरचा उपाय त्यापूर्वीच निघालेला होता. प्रोग्रॅमचे गट पाडावयाचे आणि प्रत्येक गटाला त्याची हद्द घालून द्यावयाची. गूगल कंपनीतील पॉल मेनेज व रोहित सेठ ह्यांनी २००६ साली ह्या कामास आरंभ केला, आणि २००८ साली ते लिनक्समध्ये आले. त्यातील स्मृतीवर हद्द घालणाऱ्या भागात बलबीर सिंग ह्या अभियंत्याचे मोठे काम आहे. आज ह्या व्यवस्थेत दोन हद्दी असतात. पहिली ओलांडली की त्या गटाची गती मुद्दाम मंद करतात, म्हणजे सावरण्यास अवधी मिळतो. दुसरी ओलांडली की बळी त्या गटातलाच जातो, शेजाऱ्याचा नव्हे. शिवाय एखाद्या गटाच्या वाट्याची किमान जागा कोणीही हिरावू नये अशी राखण करता येते. विसरभोळ्या प्रोग्रॅमला मी अशी हद्द घातली, आणि नोंदी पुन्हा कधी बंद पडल्या नाहीत.

आधी लिहून ठेवलेल्या नियमाची किंमत सर्व जगाने एकदा पाहिली आहे. २० जुलै १९६९ रोजी माणूस चंद्रावर उतरत असता यानातील संगणकाने १२०२ क्रमांकाची धोक्याची सूचना दिली. त्या संगणकाची पुसून पुन्हा लिहिता येणारी स्मृती होती २०४८ शब्दांची, टिफ्रॅकइतकीच, आणि शब्द तर त्याहून आखूड. एका रडारच्या निष्कारण कामामुळे त्याचा वेळ खर्च होत होता, जुनी कामे संपत नव्हती, नवी येत होती, आणि कामे मांडण्याच्या जागा संपल्या. सूचनेचा अर्थ एवढाच होता की, जागा उरली नाही. तो संगणक गोंधळला नाही. त्याने स्वतःला पुन्हा सुरू केले, बिनमहत्त्वाची कामे टाकली, आणि यान उतरविण्याचे काम पुढे चालविले. कारण कोणते काम सोडावयाचे आणि कोणते सोडावयाचे नाही, हे पृथ्वीवर निवांतपणे बसून आधीच लिहून ठेवलेले होते. त्या संगणकाची कायमची स्मृती अमेरिकेतील वॉल्थम येथे स्त्रियांनी हातांनी विणली होती; तार कडीतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. त्यांच्यापैकी काहींचे हात कापडगिरण्यांत तयार झालेले होते.

बंधुभगिनींनो, आता मी माझ्या घरची गोष्ट सांगून संपवितो. मी लहान असताना एका वर्षी कोशाचे पीक बुडाले. माग रिकामा राहिला. घरात काही तरी कमी करणे भाग होते. माझी थोरली ताई सातवीत होती, वर्गात पहिली. वडिलांनी तिचे नाव शाळेतून काढले; ती कांड्या भरावयास बसली. माझी शाळा चालू राहिली. त्या दिवशी कोणी बेरीज केली नाही. खर्च माझा अधिक होता, हुशारी तिची अधिक होती. वडील निर्दय नव्हते. त्यांच्यापुढे लिहिलेला नियम नव्हता, आणि नियम नसला म्हणजे जो गप्प बसतो त्याचाच बळी जातो. निर्जीव यंत्र निदान सर्वांत जास्त खाणाऱ्याला निवडते; आपण मात्र सर्वांत कमी मागणारीला निवडले. ताई आज ह्या सभेत बसली आहे. तिने कधी तक्रार केली नाही, म्हणूनच मी ती येथे मांडीत आहे.

मंडळाच्या शिक्षणनिधीकडेही मी ह्याच दृष्टीने पाहतो. वर्गणी कधी भरपूर जमते, कधी तूट येते. तूट आली म्हणजे काय कमी करावयाचे हे तूट येण्यापूर्वी ठरावे, आणि ते कार्यवृत्तांत लिहून ठेवावे, एवढीच माझी सूचना आहे. मंडप, हारतुरे, सत्काराच्या शाली आणि माझ्यासारख्या वक्त्यांचा प्रवासखर्च ह्यांच्यापुढे मोठा अधिक आकडा लिहावा. वसतिगृहात राहणाऱ्या आणि महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलींच्या मदतीपुढे उणे १००० लिहावे. संकटाच्या वेळी घाईने घेतलेला निर्णय दुबळ्यावर जाऊन पडतो. निवांतपणी लिहिलेला नियम त्याला वाचवितो. कार्यकारिणीने ह्याचा विचार करावा, आणि पुढील वर्षीच्या सभेपुढे ठराव आणावा, अशी माझी नम्र विनंती आहे.